ढग नव्हते

सत्तेचाळीस नंबर कुठे गेला, एवढंच शौनकने विचारलं होतं. पत्र तसं लांबलचक होतं. ‘आदरणीय मॅडम’पासून सुरू झालेलं. मी बंगळुरूला संशोधन करतो, तुमची जुनी यादी आम्ही अजून वापरतो, नव्या उपग्रहाच्या मोजमापांतून आता हजारो उष्ण उपबटू तारे हाती आलेत, त्यांची वर्गवारी करताना प्रत्येक जुनी नोंद ताडून बघतोय, असं सगळं नम्रपणे सांगत आलेलं. आणि शेवटी, चपला पायात सरकवता सरकवता विचारावं तसं, ‘तुमच्या छापील तक्त्यात शेहेचाळीसच्या खाली एकदम अठ्ठेचाळीस येतो. दुर्बिणीच्या नोंदींमध्ये मात्र सत्तेचाळीस दोनदा घेतलेला दिसतो. दोन्ही वेळा आकाश निरभ्र होतं असं लिहिलंय. तो मुद्दाम वगळला होतात का?’ ज्ञानेश्वरीबाई तेव्हा जेवणाच्या टेबलाशी बसून मोड आलेले वाल सोलत होत्या. फोन पातेल्याला टेकवून उभा केलेला. त्यांनी पत्र वाचलं, अंगठ्याने वर सरकवलं, परत खाली आणलं, आणि पुन्हा सोलायला लागल्या. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की डाळिंब्या सालांच्या ताटलीत पडतायत आणि सालं पातेल्यात. सगळं एकत्र ओतून त्या नव्याने निवडत बसल्या. मान अवघडली, कुणीतरी पाठीमागे येऊन उभं राहिल्यासारखी. बावीस वर्षांत तो तक्ता किती जणांनी उघडला असेल, आपापल्या लेखांत उतरवून घेतला असेल, आणि एकालाही ती फट दिसली नव्हती. किंवा दिसली असेल आणि छपाईची चूक समजून ते पुढे गेले असतील. एक ओळ काढल्यावर खालचे तेरा आकडे वर सरकवायला तेव्हा वेळ नव्हता, असं त्या स्वतःला सांगत आल्या होत्या. तेरा आकडे बदलायला किती वेळ लागतो?

बाल्कनीचं दार उघडं होतं. अकराव्या मजल्यावरून खाली गावाची छपरं दिसत होती, पत्र्यांची, सिमेंटची, वर काळ्या टाक्या. त्यांच्या पलीकडे खारफुटीचा हिरवा पट्टा आणि ओहोटीचा राखाडी चिखल. निवृत्त झाल्यावर त्या पुण्याहून सीवूड्सला राहायला आल्या, त्याला तीन वर्षं होत आली होती. धाकटी बहीण नमिता नेरूळला राहते, तिनेच फ्लॅट बघून ठेवला होता. पहिल्यांदा इथे उभं केलं तेव्हा एजंट हात पसरून म्हणाला होता, “व्ह्यू बघा मॅडम, खाडी, फ्लेमिंगो, फुल पॅकेज. खाली हे करावे गाव. जुनी लोकं हायेत, काय टेन्शन नाय.” त्या ‘हो का’ म्हणाल्या होत्या. जणू करावे हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. तो शब्द त्यांनी कितीतरी वेळा वाचला होता, अर्जावर, शिष्यवृत्तीच्या कागदांवर, निळ्या शाईत, किंचित डावीकडे झुकलेल्या अक्षरात: मु. करावे, नवी मुंबई. फ्लॅट नको म्हटलं असतं तर नमिताला कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगण्यापेक्षा तीन खोल्या विकत घेणं सोपं होतं. तेव्हापासून त्या फिरायला जाताना गेटमधून उजवीकडे वळत. डावीकडचा रस्ता जवळचा, सावलीचा, पण तो गावातून जायचा. मासे त्या खात, पण ते स्टेशनजवळच्या मॉलमधून, प्लास्टिकच्या डब्यातले, गार, वास नसलेले. नमिता एकदा चिडून म्हणाली होती, “अगं, पायाशी कोळणी बसतात, ताजं सोडून हे कसलं खातेस?” त्यावर त्यांनी गुडघ्याचं निमित्त सांगितलं होतं. तीन वर्षं त्यांनी एका माणसाला टाळलं होतं, आणि त्या माणसाला ते ठाऊकसुद्धा नव्हतं.

मिथुन तांडेल त्यांच्याकडे आला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. वाशीच्या कॉलेजातून एम.एस्सी. झालेला, घरातला पहिलाच. वडील गोटीराम खाडीत होडी घालायचे, आई सगुणा बाजारात टोपली घेऊन बसायची; हे त्याने मुलाखतीतच सांगून टाकलं होतं, कुणी विचारायच्या आत. त्या वेळी ज्ञानेश्वरीबाई एक्केचाळीस वर्षांच्या होत्या आणि पुण्याच्या संस्थेत त्यांनी नुकताच स्वतःचा छोटा गट उभा केला होता. विषय असा की पाहुण्यांना सांगताना धाप लागावी. सूर्यासारखा तारा म्हातारा होऊ लागला की फुगतो, तांबडा होतो आणि मग त्याच्या पोटात हेलियम पेटतो, इतपत शाळेच्या पुस्तकात असतं. पण काही ताऱ्यांच्या बाबतीत तो पेटायच्या सुमारास अंगावरचा हायड्रोजनचा जवळजवळ सगळा थर निघून गेलेला असतो, पुष्कळदा शेजारच्या जोडीदार ताऱ्याने ओढून नेलेला. मागे उरतो तो सूर्याच्या पाचव्या हिश्शाएवढा पण त्याच्या पाचपट तापलेला निळसर गोळा. तो उष्ण उपबटू. ताऱ्यांच्या आयुष्यक्रमात ही जात नेमकी कुठे बसते, कोण कुठल्या वाटेने तिथे पोचतो, हे ठरवायचं तर आधी त्यांची नीट वर्गवारी हवी. आणि वर्गवारी म्हणजे प्रकाशाचा पट पसरून त्यातल्या रेषा वाचायच्या. हायड्रोजनच्या रुंद रेषा दिसल्या तर एक गट. जास्त तापलेला, हेलियमच्या ठळक रेषांचा दुसरा. आणि क्वचित, हायड्रोजनचा मागमूस नाही, नुसता हेलियम, असा तिसरा. हा तिसरा कुठून येतो हे तेव्हा कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. एकमेकांभोवती फिरणारे दोन विझलेले श्वेत बटू तारे शेवटी एकमेकांत मिसळले तर असं काही तयार होईल, असं गणितवाले म्हणत. ज्ञानेश्वरीबाईंनी साठ तारे निवडले होते. मिथुनची परीक्षा म्हणून त्यांनी त्याला साठही वर्णपट नाव-गाव खोडून दिले, आणि सांगितलं, लाव गट. तो लांबच लांब कागद काढायचा, प्रयोगशाळेच्या फरशीवर ओळीने अंथरायचा आणि अनवाणी त्यांच्या मधून फिरायचा. चार दिवसांनी त्याने उत्तरं आणून दिली. सत्तावन्न त्यांच्या स्वतःच्या उत्तरांशी जुळली. उरलेल्या तिनांपैकी दोन त्याचीच बरोबर निघाली. त्या दिवशी त्यांनी सगळ्या गटाला चहा पाजला होता. आनंदच झाला होता. पण आता, सालं आणि डाळिंब्या वेगळ्या करताना, त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी बारीक टोचलं होतं हेही त्यांना आठवलं. आपल्याला जे शिकायला पंधरा वर्षं लागली ते याला कसं दिसतं?

आणि तिसरा तारा, ज्यावर दोघांचं जुळलं नव्हतं, तो सत्तेचाळीस. शुक्रवारच्या बैठकीत मिथुनने तो भिंतीवर लावला. आठ-दहा जण होते, दुसऱ्या गटातलेही. इंग्रजीत सुरुवात करून तो मध्येच अडकला आणि मराठीवर आला. “मॅडम, हायड्रोजन नाय यात. आणि हेलियमची ही रेष एक नाय. तीन हायेत.” त्याने पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. आलेखात रेषेच्या जागी जिथे एक खड्डा हवा तिथे तीन, सारख्या अंतरावर, मधला सगळ्यांत खोल. चुंबकीय क्षेत्रात रेष फुटते हे पदवीच्या पोरालाही माहीत असतं. पण इतकी फुटायची तर ते क्षेत्र अफाट हवं, आणि या जातीत तसला तारा कुणी कधी पाहिला नव्हता. त्या म्हणाल्या, गोंगाट आहे. तो म्हणाला, नाय वाटत. त्या म्हणाल्या, दोन प्रतिमा जोडताना तुझ्याकडून सरकल्या असतील. तो म्हणाला, “मी तीनदा केलं, मॅडम, पयल्यापासून.” त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, हेच त्यांना सहन झालं नसावं. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले, आणि त्या म्हणाल्या, “मिथुन, तुला रेषा दिसत नाहीत. तुला जे हवं असतं ते दिसतं.” कुणीतरी हसलं. मिथुनने भिंतीवरून कागद काढला आणि गुंडाळी करायला घेतली, दोन्ही कडा नीट जुळवून, घाई न करता. आणि ती गुंडाळी होईपर्यंत पुढचा माणूस बोलायला उठला नाही. ते वाक्य पुढे किती वर्षं त्यांच्या मागे लागलं होतं. भाजी घेताना, दात घासताना, एखाद्या समारंभात शाल अंगावर पडताना ते आपल्याच आवाजात ऐकू यायचं, आणि त्या मान झटकायच्या. आपल्या हातून घडलेली वाईट गोष्ट कोणती, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी ते वाक्य सांगितलं असतं. त्याच्या पलीकडचं त्या स्वतःलाही सांगत नसत.

पलीकडचं असं होतं. जानेवारीत गोटीरामांना पक्षाघाताचा झटका आला आणि मिथुन रजा घेऊन करावेला गेला. मार्चमध्ये ज्ञानेश्वरीबाईंना दुर्बिणीचा वेळ मिळाला होता. यादी संपून चाळीस मिनिटं उरली. तंत्रज्ञाने विचारलं, बंद करू का? त्या म्हणाल्या, थांबा, आणखी एक आहे. असं का म्हणाल्या ते त्यांनाही कळलं नव्हतं. बहुधा तो चुकलाय याची खात्री करून घ्यायची होती, म्हणजे मग त्या वाक्यापासून सुटका झाली असती. दोन दिवसांनी ऑफिसात, भर दुपारी, खिडकीतून कँटीनच्या फोडणीचा वास येत असताना, त्यांनी स्वतः एकटीने ती प्रतिमा स्वच्छ केली, पट काढला आणि पडद्यावर आणला. तीन खड्डे. सारख्या अंतरावर. त्यांनी खुर्ची मागे सरकवली, दाराला कडी घातली आणि पुन्हा बसल्या. खरं तर धावत सुटायला हवं होतं. फोन उचलून करावेला लावायला हवा होता, शेजारच्या वाण्याकडे त्यांचे निरोप घेत असत तो नंबर वहीत होता. पण लेख छापायला जाण्याच्या बेतात होता, अंतिम खर्डा टेबलावर होता. हा एक विचित्र तारा आत ठेवला तर परीक्षक उरलेल्या एकोणसाठांवर बोट ठेवतील. खुलासे, फेऱ्या, सहा महिने. आणि तोवर बढतीची समिती बसून उठेल. आणि कुठल्या तरी शुक्रवारी त्याच खोलीत उभं राहून म्हणावं लागेल की त्याला बरोबर दिसलं होतं. नंतर करू, मिथुन आला की दोघं मिळून, वेगळा लेख, व्यवस्थित; असं ठरवून त्यांनी ती ओळ काढली. ठरवलेलं सगळं खरं होतं. खोटं त्यातलं काहीच नव्हतं. खोटं जूनमध्ये झालं. मिथुनचा मेल आला, कुठल्याशा सायबर कॅफेतून, सगळा लहान रोमन अक्षरांतला. ‘मॅडम, बाबा झोपूनच आहेत. एक विचारायचं होतं. ४७ परत घेतला का?’ त्यांनी लगेच उत्तर दिलं होतं. विचार करायलाही थांबल्या नव्हत्या. ‘बाबांची काळजी घे. ४७ घेता आला नाही. ढग होते.’ त्यावर त्याचं ‘ओके मॅडम, थँक यू’ आलं, आणि पुढे काहीच नाही. सहा महिन्यांनी कार्यालयाने त्याचं नाव पटावरून कमी करण्याचा कागद पाठवला, त्यावर त्यांनी सही केली.

त्या संध्याकाळी शौनकला लिहायचं उत्तर त्यांनी तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. ‘प्रतिमेचा दर्जा समाधानकारक नसल्याने’ हे किती सहज आलं होतं बोटांतून! अशी वाक्यं घडवण्यातच आयुष्य गेलं होतं. कर्ता नसलेली, कुणीच काही न करता सगळं आपोआप घडलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवून झाल्यावर त्यांनी उभ्या उभ्याच लिहिलं: ‘हो, मुद्दाम वगळला. हेलियमची रेष तीन ठिकाणी फुटलेली आहे, दोन्ही पटांत. हे प्रथम मिथुन तांडेल या माझ्या विद्यार्थ्याने २००३ साली सांगितलं होतं. मी ते नाकारलं. नंतर ते खरं असल्याचं मला कळलं आणि मी ते लपवलं.’ पाठवलं आणि मग बसल्या. तासाभरात शौनकचाच फोन आला.

“मॅडम, मी आत्ता दोन्ही काढून बघितले. सॉलिड आहे! तुम्हाला कल्पना आहे ना, असे चुंबकीय उपबटू अजून हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच सापडलेत, आणि तेही अगदी अलीकडे. दोन तारे मिसळून हा झाला असणार, त्याचा केवढा पुरावा आहे हा! आणि तुमच्याकडे तर वीस वर्षं आधी...” तो एकदम गप्प झाला. बहुधा त्यांच्या उत्तरातलं शेवटचं वाक्य त्याला तेव्हा नीट पोचलं असावं.

“बोल,” त्या म्हणाल्या.

“नाही, म्हणजे... आम्ही लेख लिहिला तर त्यांचं नाव असायला हवं. मिथुनसरांचं. पहिलंच, खरं तर. ते आता कुठे असतात? बाहेर?”

“नाही. इथेच, खाली.”

“खाली म्हणजे?”

“मी विचारून सांगते,” त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास त्या गेटमधून डावीकडे वळल्या. पर्समध्ये मार्चमधल्या पटाचा छापील कागद होता, चार घड्या घातलेला; निवृत्तीच्या वेळी ऑफिस रिकामं करताना त्यांनी बाकी सगळं रद्दीत दिलं होतं, हा एक तेवढा कुठल्याशा फाइलमधून सोबत आला होता. गल्ली अरुंद होती, दोन्ही बाजूंना तीन-चार मजली घरं, खाली गाळे. केशकर्तनालयाच्या दारात बसलेल्या माणसाला त्यांनी विचारलं. “गोटीरामचा मिथुन? कंटेनरवाला? ती पिवळी बिल्डिंग. पायरीवर म्हातारी बसलीय बघा, ती त्याची आईच.” इतकं जवळ. दाराशी सत्तरी ओलांडलेली बाई पाय पसरून बसली होती, पुढ्यात विळी आणि बोंबलांचं ताट. तिने वर पाहिलं.

“कोन पायजे, बाई?”

“मिथुन आहे का घरी? मी पुण्याची... त्याची मॅडम.”

सगुणाबाईंनी विळी आडवी केली, ओले हात लुगड्याला पुसले, आणि आतल्या अंगाला तोंड करून ओरडल्या, “मिथुन, अरं ए मिथुन! तुजी पुन्याची मॅडम आयलीय! तारंवाली!”

तो बनियनवरच बाहेर आला, त्यांना पाहिलं, आत गेला आणि शर्टाची बटणं लावत परत आला. पन्नाशीचा, केस बरेच पांढरे, पोट सुटलेलं, छातीच्या खिशात चष्मा. “मॅडम? तुमी इकडे?” खुर्ची ओढून त्याने ती हाताने पुसली. ज्ञानेश्वरीबाई समोरच्या टॉवरमध्ये राहतात, तीन वर्षं झाली, हे ऐकून तो सभ्यपणे म्हणाला, “गाव मोठं झालं आता, मॅडम. कोन कुठे राहतो, समजतच नाय.” बायको माहेरी गेली होती तळवलीला, मुलगी कॉलेजच्या सहलीला. गोटीराम जाऊन चौदा वर्षं झाली. तो स्वतः उरणला कंटेनर यार्डात सर्व्हेयर होता. “डबा आला की फिरून बघायचं. पोचा कुठे, गंज कुठे, भोक हाय काय. मग ठरवायचं, चालेल, का रिपेरला, का भंगारात.” तो हसला. “क्लासिफिकेशनच, मॅडम.”

त्या हसल्या असत्या तरी बरं झालं असतं, पण त्यांना हसू आलं नाही. वर्षानुवर्षं तयार असलेलं त्या एकदम बोलून गेल्या. “मिथुन, त्या दिवशी बैठकीत मी तुला सगळ्यांसमोर बोलले. तुला हवं ते दिसतं म्हणाले. फार वाईट बोलले मी. माफ कर मला.”

त्याने भुवया आक्रसल्या. खरंच आठवून बघत होता. “ते होय? सोडा हो, मॅडम. बरोबरच हाय की ते. मानसाला पाहिजे तेच दिसतं. यार्डातल्या नव्या पोरांना मी रोज सांगतो ते, तुमचंच वाक्य.” वीस वर्षं जो काटा त्यांनी जपून ठेवला होता तो त्याच्या पायात कधी रुतलाच नव्हता. क्षणभर त्यांना हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच भीती वाटून त्यांनी पर्स उघडली आणि कागद पुढे केला.

त्याने चष्मा लावला. कागद उलगडला. मग उठून खिडकीपाशी गेला, उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला. अंगठ्याचं नख त्याने रेषेवर तीन ठिकाणी टेकवलं.

“ही माजी नाय,” तो म्हणाला. “माज्यात मधला खड्डा उजवीकडे जरा कललेला होता. हा सरळ हाय. ही कधीची?”

“मार्चमधली. तू इकडे आलास, त्यानंतरची.”

“पन मार्चला ढग होते.”

“ढग नव्हते, मिथुन.”

बाहेर स्कूटर गेली. वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी टीव्हीवर जाहिरात चालू होती. तो वळला नाही. पाठमोराच उभा होता, आणि मग अगदी सावकाश, यार्डातला एखादा अहवाल सांगावा तसा बोलायला लागला. “मी परत येनार होतो, मॅडम. आईला बोललो होतो तसं. सत्तेचाळीस खरा निघाला तर पुन्याला जायचं, बाबांचं भाऊ बघेल, भावाशी पन बोलनं झालेलं. खोटा निघाला तर र्‍हायचं. नेरूळ स्टेशनच्या बाहेर सायबर कॅफे होता, तिथे रोज जायचो मेल बघायला, वीस रुपये तास. तुमचा मेल आला, ढग होते. म्हटलं ठीक हाय, पुढच्या वर्षी घेतील. मग तुमची लिस्ट आली. बघितली, तर सत्तेचाळीसच नाय. म्हटलं, मॅडमनी परत बघितला नाय तरी काढून टाकला. म्हंजे माजं इतकं चुकलेलं की परत बघायची पन गरज नाय.” त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. “यार्डात मी एकटा सही करत नाय. समोर भोक दिसत असलं तरी बाजूच्याला विचारतो, तुला पन दिसतंय ना? पोरं हसतात. साहेब दोनदा बोलला, तांडेल, तुला सुपरवायझर केला असता, पन तू निर्णय घेत नायस.”

ज्ञानेश्वरीबाईंनी तोंड उघडलं. शौनक, नवा लेख, पहिलं नाव तुझं, सगळं त्यांनी घाईघाईने सांगितलं; सांगता सांगता आवाज त्यांनाच ओळखीचा वाटेना, कुणीतरी दुकानात माल खपवावा तसा येत होता. तो शेवटपर्यंत ऐकत होता.

“नावाचं नंतर,” तो म्हणाला. “पयला मला माजा डेटा पाहिजे, त्या दिवशीचा. कच्चा. त्या पोराला सांगा पाठवायला. मी काढून बघतो, मग काय ते बोलतो.” त्याने कागद पुन्हा त्याच घड्यांवर दुमडला, खिशात ठेवला, परत द्यायचा विचार त्याला शिवलाही नाही. “मी येतो जरा,” असं कुणालाच न म्हटल्यासारखं म्हणून तो पायऱ्या उतरला आणि गल्लीतून खाडीच्या बाजूला चालत गेला. चपला दारातच राहिल्या.

त्या उठल्या, पण सगुणाबाई स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभ्या होत्या. भात, आमटी, तळलेले बोंबील. “जेवल्याबिगर जाऊ नको. पोराची मॅडम घरा आयली आनि उपाशी गेली तं लोकं मना काय म्हनतील?” जेवायचं नाही असं म्हणायला काहीही कारण सुचेना. त्या खाली पाटावर बसल्या. बोंबील कुरकुरीत होते, आतून मऊ, मीठ बरोबर. म्हातारी समोर मांडी घालून बसली, वारा घालावा तसा हात हलवून माशा उडवत.

“तुजं नाव लय काढायचा तो,” ती म्हणाली. “पुन्याचं सुटलं तवा सा मयनं गप गप. मी इचारलं, काय झालं रं? तं बोलला, आये, माजं चुकलं. मॅडम बरोबर व्हती. मी त्याला वरडली पन, मोठ्या मानसाशी वाद कशाला घालायचा? आता काय कागुद आनलास? तेच काय?”

“तेच,” ज्ञानेश्वरीबाई म्हणाल्या. घास त्यांनी ताटातच ठेवला. “पण तो चुकला नव्हता. त्याचं बरोबर होतं. मी चुकले होते.”

म्हातारीचा माशा वारणारा हात थांबला. “तुला कवा समजलं?”

“तेव्हाच. तो इकडे आला, त्यानंतर दोन महिन्यांत.”

“मंग सांगलं कंला नाय?”

लेखाचा खर्डा, परीक्षक, समिती, बढती. या पाटावर, या ताटासमोर त्यातला एकही शब्द उभा राहीना. “भीती वाटली मला,” त्या शेवटी म्हणाल्या.

सगुणाबाईंना राग आलेला दिसत नव्हता. त्यांना नुसतं समजून घ्यायचं होतं. इतक्या उंचावर राहणारी, पोराला शिकवणारी, सगळं जिच्या हातात होतं अशी बाई. त्यांनी पुढे झुकून तिच्या तोंडाकडे नीट बघितलं.

“कोनाची?”

ज्ञानेश्वरीबाई ताटाकडे बघत राहिल्या. खूप आठवून पाहिलं. एकही नाव सापडेना.